दुपारी बंद, संध्याकाळी सुरू: तापणाऱ्या इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी थंडावा कसा निवडायचा

उन्हाचा कडाका वाढला की कारखान्यांत एक तक्रार हमखास सुरू होते. मशीन सकाळी व्यवस्थित चालतं. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. ऑपरेटर रीसेट करतो, वीस मिनिटांत पुन्हा ट्रिप. संध्याकाळी कुणी हात न लावता सगळं सुरळीत. मग मोटर तपासतात, केबल मेगर करतात, म्हणजे तिचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते पाहतात, कधीकधी ड्राइव्हच बदलून टाकतात. दोष काही सापडत नाही, कारण तो या वस्तूंत नसतोच. तो असतो त्यांच्याभोवतीच्या हवेत.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. तो, कॉन्टॅक्टर (विजेवर चालू-बंद होणारा मोठा स्विच), पॉवर सप्लाय, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि शेकडो तारा ज्या पत्र्याच्या बंद कपाटात बसवतात ते पॅनेल. धूळ, पाणी आणि माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून ते बंद असतं. पण धुळीला बंद असलेलं कपाट उष्णतेलाही बंद असतं. सगळा पेच इथेच आहे.

आत उष्णता येते कुठून?

विजेचं कुठलंही उपकरण मिळालेल्या विजेतला थोडा भाग उष्णतेत घालवतं. ड्राइव्हच्या बाबतीत हा भाग साधारण २ ते ४ टक्के असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३० किलोवॉटचा ड्राइव्ह पूर्ण भाराने चालला आणि ३ टक्के धरले तरी ९०० वॅट झाले. पॉवर सप्लाय, ट्रान्सफॉर्मर, कॉन्टॅक्टर यांचे आणखी २०० धरू. म्हणजे बंद कपाटात ११०० वॅटची शेगडी दिवसभर पेटलेली आहे.

आता एक पिंप डोळ्यांसमोर आणा. वर नळ सुरू आहे, तळाशी भोक आहे. पाणी चढत जातं; पातळी वाढली की भोकातून बाहेर पडणारी धारही जोर धरते. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी सारखं झालं की पातळी थांबते. पॅनेलमधलं तापमान ही ती पातळी. नळ म्हणजे उपकरणांची उष्णता, भोक म्हणजे पॅनेलचा पत्रा. पातळी थांबते हे खरं, पण कुठे थांबते हे महत्त्वाचं.

रंग दिलेल्या स्टीलच्या पत्र्यातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे साधारण साडेपाच वॅट बाहेर पडतात. दोन मीटर उंच, ८० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर खोल पॅनेल भिंतीला टेकून उभं असेल, तर उष्णता सोडण्याच्या कामी येणारा पत्रा सुमारे ५ चौरस मीटर भरतो. म्हणजे एका अंशाला साडेसत्तावीस वॅट. ११०० वॅट बाहेर जायला ४० अंशांचा फरक लागेल. शॉप फ्लोअरवर ३० अंश असतील तर आत ७० होतील.

बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात, त्यापुढे क्षमता उतरवावी लागते. घरगुती पद्धतीचे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारे स्विच, ३० अंश धरून जुळवलेले असतात. पॅनेल तापलं की ते ठरलेल्यापेक्षा कमी करंटला पडतात आणि दोष बिचाऱ्या मोटरवर येतो. न दिसणारं नुकसान याहून मोठं. पॉवर सप्लाय आणि ड्राइव्हमध्ये जे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. मशीन ट्रिप होत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानण्यात हाच धोका असतो.

आधी बाहेरच्या हवेकडे बघा

पॅनेल थंड करायचं म्हटलं की लोक लगेच कॅटलॉग उघडतात. माझा आग्रह असतो की आधी थर्मामीटर घेऊन पॅनेलच्या बाहेर उभं राहावं, तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी. कारण आपण थंडावा तयार करत नसतो, उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेत असतो. उष्णता उताराकडे धावते, गरमकडून थंडकडे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तर उतार आयता मिळतो, फक्त वाट करून द्यायची. बाहेर जास्त गरम असेल तर चढावर पाणी चढवायला लागतो तसा पंप लागतो. एसी हा तो पंप.

वरचंच पॅनेल तीन ठिकाणी ठेवून पाहू. आत ४० अंशांपेक्षा जास्त नको, एवढीच अट.

बाहेर ३० अंश. पत्र्यातून २७५ वॅट आपोआप जातात, उरतात ८२५. ते हवेने बाहेर काढायचे तर हिशोब असा: उरलेले वॅट भागिले अंशांचा फरक, गुणिले ३.१. उत्तर तासाला घनमीटरमध्ये मिळतं. इथे ते २५६ येतं. एखाद-दुसरा साधा फिल्टर फॅन पुरतो.

बाहेर ३६ अंश. फरक फक्त चार अंशांचा. पत्र्यातून ११० वॅट जातात, उरतात ९९०. आता हवा लागते तासाला ७६७ घनमीटर. बाहेर सहा अंश वाढले आणि पंख्याचं काम तिप्पट झालं.

बाहेर ४२ अंश. आता पत्रा उलट काम करतो, बाहेरून ५५ वॅट आत आणतो. पंखा कितीही मोठा लावा, आत येणार ती ४२ अंशांचीच हवा. इथे ११५५ वॅट उचलणारा एसी किंवा थंड पाणी, याला पर्याय नाही.

पॅनेल तेच, उपकरणं तीच, उत्तरं मात्र तीन. म्हणून ‘अमुक ठिकाणी अमुक चाललं, तेच इथे लावा’ या सल्ल्यापासून जपून राहावं. (३.१ हा आकडा समुद्रसपाटीजवळचा. उंचावर हवा विरळ असते. हजार मीटरच्या आसपास ३.५ धरावा लागतो.)

हवा थंड आहे आणि स्वच्छही

मग फिल्टर फॅन. स्वस्त, साधा, दुरुस्तीला सोपा. खालून फिल्टरमधून हवा आत ढकलायची, वरच्या जाळीतून बाहेर सोडायची. पंखा खाली ठेवून आत ढकलण्याला कारण आहे: पॅनेलमध्ये किंचित जास्त दाब राहतो, त्यामुळे फटींमधून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पडत राहते. पंखा वर लावून हवा बाहेर ओढली तर प्रत्येक फट धूळ आत घेणारं तोंड बनते.

आता फिल्टरबद्दल. हा दिसतो स्पंजच्या चौकोनी तुकड्यासारखा, किंमत नगण्य, आणि पॅनेल तापण्याच्या जितक्या घटना मी पाहिल्या त्यांत सगळ्यात जास्त वेळा आरोपी हाच. एका सूतगिरणीतलं पॅनेल आठवतं. पंखा छान फिरत होता, आवाज येत होता, म्हणून महिनोन्‌महिने कुणी झाकण काढून पाहिलं नव्हतं. मी झाकण ओढलं तर आतून फिल्टर नव्हे, करड्या कापसाची जाड गादी निघाली. बोटाने दाबली तर दबून राहिली. वरच्या जाळीवर कागदाचा कपटा धरला, तो हललासुद्धा नाही. पंखा जागच्या जागी हवा घुसळत होता. गादी काढली, नवा फिल्टर घातला, आणि त्या दुपारी ड्राइव्ह ट्रिप झाला नाही.

कपट्याची ही चाचणी कुणालाही करता येते. पंखा निवडतानाही लक्षात ठेवा: कॅटलॉगमध्ये मोकळ्या हवेतला आकडा मोठा छापलेला असतो, फिल्टर आणि जाळी धरूनचा त्याहून बराच कमी असतो. हिशोबात दुसरा घ्यायचा, आणि फिल्टर मळणार हे धरून वर थोडी सूट ठेवायची.

आणखी एक गोष्ट ऐन वेळी विसरली जाते. पॅनेलवर ‘आयपी ६५’ असं काही लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धूळ किती अडते ते सांगतो, दुसरा पाणी किती अडतं ते. ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद, पाण्याची धारही चालते. त्याच दारात भोक पाडून साधा फिल्टर फॅन बसवला की ते सहसा ५४ वर येतं: थोडी धूळ शिरणार, उडालेले शिंतोडे चालतील, धार नाही. ६५चे पैसे मोजून ५४ वापरणारी पॅनेल्स मी बरीच पाहिली आहेत.

हवा थंड आहे, पण आत घेण्यासारखी नाही

धातूची बारीक पूड, कार्बनची धूळ, मशीन शॉपमधला तेलाचा धूर, रसायनांचे वायू. अशी हवा पॅनेलमध्ये घ्यायची म्हणजे आजार विकत घ्यायचा. कार्बन आणि धातूची धूळ वीज वाहते; दमट दिवशी ती टर्मिनलांमध्ये, म्हणजे तारा जोडायच्या जागांमध्ये, विजेला वाट करून देते. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू तांबं आणि चांदी खातो, कॉन्टॅक्टरचे संपर्क काळे पडतात, आणि कुठलाही साधा फिल्टर वायूला अडवत नाही.

इथे एअर-टू-एअर हीट एक्स्चेंजर कामी येतो. आतली हवा आत फिरते, बाहेरची बाहेर. मध्ये पातळ पत्रे असतात, उष्णता तेवढी पत्रा ओलांडते. बंद खिडकीच्या काचेला बाहेरचा गारवा लागतो पण वारा आत येत नाही, तसंच हे. याची क्षमता ‘एका अंशाला इतके वॅट’ अशी सांगतात. आपल्या पॅनेलला बाहेर ३० अंश असताना ८२५ वॅट, फरक दहा, म्हणजे अंशाला साडेब्याऐंशी वॅटचा लागेल. बाहेर ३६ झाले की तोच आकडा अंशाला अडीचशेच्या घरात जातो आणि एवढं यंत्र एका दारावर मावणं कठीण. उतार संपत आला की एक्स्चेंजरही संपतो.

बाहेरच जास्त गरम असेल तर

पॅनेल एसी हा खोलीच्या एसीचाच भाऊ. कॉम्प्रेसर, गॅस, दोन वेगळी हवेची चक्रं. बाहेरची हवा आत येत नाही, त्यामुळे आयपी टिकतं. खरेदी करताना एक खाचखळगा आहे. क्षमतेचा ठळक आकडा सहसा आत ३५ आणि बाहेर ३५ अंश धरून दिलेला असतो. बाहेर ५० झाले की तोच एसी बराच कमी उचलतो. सोबत आलेखाची रेघ दिलेली असते. आपल्या जागेचं तापमान त्या रेघेवर शोधून आकडा घ्यावा.

एसी ज्या उष्णतेला बाहेर फेकतो ती जाते कुठे, हाही प्रश्न विचारायला हवा. छोट्या बंद खोलीत पाच पॅनेल्स, प्रत्येकाला एसी, आणि सगळे आपली गरम हवा त्याच खोलीत सोडतात. खोली तापते, एसी आणखी राबतात, खोली आणखी तापते. अशा ठिकाणी खोलीच थंड करणं किंवा गरम हवा डक्टने बाहेर नेणं शहाणपणाचं.

भट्ट्या, ओतकाम, रोलिंग मिल अशा जागी पाणी हा सगळ्यात भरवशाचा वाहक. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. एअर-टू-वॉटर एक्स्चेंजरमध्ये आतली हवा थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरते आणि उष्णता पाण्याबरोबर थेट दुसरीकडे जाते. आसपासच्या तापमानाशी त्याचं देणंघेणं राहत नाही. ‘विजेच्या कपाटात पाणी?’ ही धास्ती रास्त आहे. म्हणून नळ्यांच्या खाली निचऱ्याचं ताट आणि गळती ओळखणारा सेन्सर असलेली रचनाच घ्यावी, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर नळ्या बुजतात हेही ध्यानात ठेवावं.

‘एसी आहेच, तर २० अंशांवर ठेवू, बिघडलं कुठे?’

बिघडतं, आणि फार बिघडतं. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो, तो ग्लासातून झिरपलेला नसतो. हवेतली वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसलेली असते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू जवळपास २९ अंशांवर असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पत्र्याला, तारेला, स्क्रूला त्या हवेत घाम फुटणार.

भर पावसाळ्यात असं एक पॅनेल मी उघडलं होतं. एसी २० अंशांवर. दार उघडताच मागची पाटी डोळ्यांदेखत धुरकट झाली. मिनिटभरात टर्मिनलांच्या रांगेवर टाचणीच्या डोक्याएवढे थेंब धरले. स्क्रूंच्या खाचांत हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, म्हणजे हे रोजचंच होतं. खाली वाकून पाहिलं तर ग्लँड प्लेटमध्ये, म्हणजे केबल आत घेण्याच्या तळाच्या पत्र्यात, एक भोक उघडं. कधीतरी केबल काढून घेतली आणि झाकण लावायचं राहिलं. त्या अंगठ्याएवढ्या भोकातून ओलसर हवा दिवसरात्र आत येत होती आणि एसी तिचं पाणी करत बसला होता.

भोक बंद केलं, एसी ३५ वर नेला. आतल्या उपकरणांना ३५ पूर्ण चालतात, आणि पत्रा दवबिंदूच्या वर राहतो. दार उघडलं की एसी बंद करणारा छोटा स्विचही बसवून घ्यावा. आणि मशीन रात्री बंद राहत असेल तर दमट हवेत गार पडलेल्या पॅनेललाही घाम येतो. तिथे आर्द्रता बघून चालू होणारा लहानसा हीटर लागतो. थंड करायच्या पॅनेलमध्ये हीटर, हे ऐकून लोक चमकतात, पण दोघांची कामं वेगवेगळ्या वेळची आहेत.

‘हिशोब कशाला, मोठाच एसी घेऊन टाकू’

गरजेच्या दुप्पट एसी दोन मिनिटांत पॅनेल गार करतो आणि बंद पडतो, पुन्हा दोन-चार मिनिटांनी सुरू. कॉम्प्रेसर सर्वांत जास्त झिजतो तो सुरू होताना. थोडी सूट ठेवावी, दुप्पट नको.

‘दार उघडून समोर पंखा लावला तर?’

हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की त्यावर रागावण्यात अर्थ नाही. उत्पादन थांबलेलं असताना माणूस मिळेल तो उपाय करतो. पण त्याची किंमत कळायला हवी. उघड्या दारामागे जिवंत बसबार (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि टर्मिनल असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचा धोका. आत ठिणगी उडाली तर अडवायला दार नाही. पंखा फ्लोअरवरची सगळी धूळ नेमकी ड्राइव्हच्या थंड करणाऱ्या पात्यांवर नेऊन बसवतो, आणि पुढच्या वर्षी तोच ड्राइव्ह दार उघडं असूनही तापतो. त्यातून एसी असलेल्या पॅनेलचं दार उघडलं तर वरच्या घामाच्या गोष्टीला आपणच आमंत्रण दिलं.

काही जागांची आपली वेगळी तऱ्हा

उघड्यावर उभ्या पॅनेलचा खरा शत्रू ऊन. भर दुपारी सूर्य चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ओततो आणि गडद रंग त्यातला मोठा भाग पितो. एसी मोठा घेण्याआधी वर छप्पर टाका, मध्ये हवा खेळेल अशी जागा ठेवा, पांढरा रंग द्या. सावलीला वीज लागत नाही.

रोज पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्या जाणाऱ्या जागी स्टेनलेस स्टीलची पॅनेल्स असतात. हा चकचकीत पत्रा रंगवलेल्या पत्र्यापेक्षा कमी उष्णता सोडतो. हिशोबात साडेपाच धरू नका.

जिथे स्फोटक वायू असण्याची शक्यता, तिथे बाजारातला साधा पंखा किंवा एसी चालत नाही. तिथे स्वच्छ हवेच्या दाबाखाली ठेवलेली, त्या कामासाठी प्रमाणित पॅनेल्सच लागतात.

कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारी व्होर्टेक्स ट्यूब हे फार देखणं यंत्र आहे: एका नळीत हवा भोवऱ्यासारखी फिरते, एका टोकाने गरम निघते, दुसऱ्याने गार. हलणारा एकही भाग नाही. अडचणीच्या, गलिच्छ जागी लहान पॅनेलसाठी उत्तम. पण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग आधीच उष्णतेत गेलेला असतो, त्यामुळे दिवसरात्र चालवायला ती महागात पडते. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून चालू-बंद करणाऱ्या स्विचशिवाय, लावू नये. पेल्टियर कूलर, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती, कॅमेरा किंवा डिस्प्लेच्या छोट्या पेटीला ठीक. ड्राइव्हच्या पॅनेलला तो पुरत नाही.

उष्णता आत सोडलीच नाही तर?

मला सगळ्यात आवडणारा उपाय हा, आणि तो खरेदीच्या यादीत नसतो. अनेक ड्राइव्ह असे बसवता येतात की त्यांचा हीटसिंक, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यांचा भाग, पॅनेलच्या पाठीमागे बाहेर राहतो. ड्राइव्हची बहुतांश उष्णता मग आत येतच नाही. ब्रेकिंग रेझिस्टर, म्हणजे मोटर थांबवताना परत येणारी वीज जाळणारा भाग, तर पॅनेलमध्ये असूच नये. त्याचं कामच तापण्याचं आहे, त्याची जागा छपरावर.

मग आतली मांडणी. खालच्या ड्राइव्हची गरम हवा वरच्या ड्राइव्हच्या तोंडात जात असेल तर वरचा रोज ताप काढतो. ड्राइव्हच्या वर-खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा वायरिंगच्या डक्टने भरून टाकलेली असते, ती सोडवावी. एसीचा गार झोत ड्राइव्हमधून वर येणाऱ्या गरम हवेवर उलटा आदळत असेल तर दोघं एकमेकांशी झगडतात आणि मधला पॉवर सप्लाय भाजतो. आणि पॅनेलचा वरचा कोपरा तळापेक्षा नेहमीच गरम, म्हणून नाजूक वस्तू खाली, तापणाऱ्या वर.

यातलं काहीही करण्याआधी एक आठवडा द्या. तापमान नोंदवणारे दोन लहान लॉगर घ्या. एक पॅनेलच्या आत, वरच्या कोपऱ्यात, ड्राइव्हच्या झोतापासून दूर चिकटवा. दुसरा बाहेर, पण एसीच्या गरम हवेच्या वाटेत नको. आठवड्यानंतर दोन्ही रेघा एकावर एक ठेवा. त्यांतलं अंतर दिवसभर सारखं असेल आणि दोन्ही मिळून दुपारी चढत असतील, तर तुमचा प्रश्न बाहेरच्या हवेचा आहे. बाहेरची रेघ सपाट आणि आतली एकटीच वर जात असेल, तर भार वाढतोय का ते पाहा. आणि अंतर आठवडाभर रोज थोडं थोडं वाढत गेलं असेल, तर फिल्टरचं झाकण काढा.